कामातली दोस्ती कॅमेऱ्यात कशी धरावी?

दुकान विकायला काढले की फळ्या, काटे, मशिनरी, शिल्लक माल आणि येणे-देणे असा सगळा हिशेब मांडला जातो. पण कारागीर सकाळी आला नाही तर शेजारच्या दुकानातला कोण उठून हातभार लावतो, याचा आकडा कोणत्याही खातेवहीत सापडत नाही. अनेक धंदे मात्र याच जोरावर चाललेले असतात. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला मोबाइल आहे. तेव्हा चार-पाच मिनिटांची हौशी फिल्म काढून ही कामातली दोस्ती टिपता येईल काय, असा प्रश्न आपल्या तरुण व्यावसायिकांना पडू लागला आहे. आमचे उत्तर होय असे आहे. पण सध्या अशा फिल्मा ज्या रीतीने निघतात, त्या रीतीने ती टिपली जात नाही.

सर्रास घडते ते असे. मालक सगळ्यांना पाटीखाली उभे करतो. एकेक जण घाबरत पुढे येऊन "आम्ही इथे एका कुटुंबासारखे राहतो" असे म्हणतो. मागे गाणे वाजते आणि शेवटी दुकानाचा पत्ता व फोन नंबर येतो. ही जाहिरात झाली. जाहिरात करण्यात गैर काही नाही, पण तिला दोस्तीची फिल्म म्हणू नये. दोघे एकमेकांचे दोस्त आहेत हे त्यांच्या तोंडून वदवून घेतले की ते खोटे वाटते. त्यांचे हात कसे चालतात हे दाखवले की बघणाऱ्याला आपोआप पटते.

याचा नमुना पाहायचा तर सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात पाहावा. मोहरमच्या उंच ताबुतांसाठी हे गाव दूरवर प्रसिद्ध आहे. शंभर फुटांच्या वर जाणारे हे ताबूत मुसलमानांचे आहेत तसे हिंदूंचेही आहेत, आणि ही परंपरा दीडशे वर्षांची सांगितली जाते. सातभाई, पाटील, बागवान, अत्तार ही ताबुतांची नावे ऐकली की बाजारपेठेतून चालल्यासारखे वाटते. कोणी फळे विकणारा, कोणी अत्तर विकणारा, कोणी गावकीचा मानकरी. ताबुतांविषयी आपल्यात मतभेद आहेत हे आम्ही जाणतो, पण तो या पानाचा विषय नव्हे. आम्ही इथे फक्त बांधणीचे काम पाहत आहोत.

बकरी ईदला कुदळ मारून कामाला सुरुवात होते आणि आशुऱ्याला ताबूत उचलले जातात, म्हणजे बरोबर एक चांद्र महिना मिळतो. २०२५ साली हा काळ ७ जून ते ६ जुलै असा आला. बांबू फोडायचे, कामट्या काढायच्या, अष्टकोनी सांगाडा बांधायचा आणि रंगीत कागदाने मढवायचा. यातली मोठी गंमत अशी की बांधणी वरून खाली येते. आधी कळस आणि मग पाया. वरचा भाग तयार झाला की तो उचलून धरायचा आणि त्याच्या खाली पुढचा मजला बांधायचा. ज्याला गाठ मारायची आहे त्याला कामटी कोणीतरी धरून द्यावी लागते, आणि उचलायची वेळ आली की सगळ्यांनी एका दमात उचलावे लागते. एकाने जरी हात काढला तरी महिन्याचे काम तिरके होईल. आणि शेवटी ज्या सोहळ्यासाठी हे सारे चालते त्याचे नावही 'भेटी' असे आहे. गावाच्या मध्यावर ताबूत एकमेकांना भेटवले जातात आणि ते पाहायला माणसांचा पूर लोटतो.

फिल्म काढणारे बहुतेक जण त्या शेवटच्या दिवशी जातात आणि गर्दी टिपून परततात. आमच्या मते खरी फिल्म त्याआधीच्या महिन्यात असते. दोनच माणसे निवडावीत, एक बांधणारा आणि एक धरणारा. पहिल्या दिवशी ते कसे बोलतात आणि विसाव्या दिवशी न बोलता काम कसे चालते, एवढे दाखवले तरी पुरे. मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे सध्याची काही वर्षे ही बांधणी पावसाच्या तोंडावर येते. मोबाइलला प्लास्टिकची पिशवी बांधायला विसरू नये.

हीच नजर आपल्या दुकानाकडे वळवावी. गॅरेजमध्ये गाडीखाली पडलेला मिस्त्री नुसता हात बाहेर काढतो आणि वरचा पोरगा न विचारता बारा-तेराचा पाना त्या हातात ठेवतो. शिलाईच्या दुकानात कापणाऱ्याने खडूची एक खूण केली की मशीनवरचा समजून जातो. असे प्रसंग जवळून घ्यावेत, मोबाइल आडवा धरावा, उजेड पाठीमागून येऊ देऊ नये. आवाजाकडे तर सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. हातोडीचा, मशीनचा, चहाच्या ग्लासांचा मूळ आवाज राहू द्यावा. गाणे लावले की आपले दुकान कोणाचेही दुकान होऊन जाते.

पैसा नाही, साधने नाहीत ही तक्रार आम्हाला मान्य नाही. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास यंत्रमागाच्या त्या गावात 'मालेगाव के शोले' काढला, तो सुमारे पन्नास हजार रुपयांत. ते व्हिडिओ पार्लर चालवणारे आणि लग्नाचे शूटिंग करणारे. पडद्यावर आणि पडद्यामागे गावातलीच दोस्त मंडळी होती. पुढे त्यांच्या 'सुपरमॅन'मध्ये नायक झालेला शफीक हा यंत्रमाग कामगार होता. हे सगळे कसे घडले यावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा मोठा चित्रपटही थिएटरात आला. त्या दोस्तांनी एकमेकांच्या जोरावर फिल्म काढली, हाच त्यातला कथेचा भाग ठरला.

आता एक अवघड गोष्ट. कॅमेरा मालकाच्या हातात असला की कामगार हसतो, पण ते हसू पगाराचे असते. म्हणून शूटिंग दुकानातल्याच एखाद्या कारागिराकडे द्यावे आणि काय ठेवायचे हे त्याला ठरवू द्यावे. एखाद्याची मजुरी थकलेली असेल तर ती आधी द्यावी, मग दोस्तीची फिल्म काढावी. ज्याला चेहरा दाखवायचा नाही त्याचे हातच घ्यावेत. गलाईच्या धंद्यात या भागातले पुष्कळ लोक परमुलखात आहेत. त्यांनी भट्टी, सोने आणि गिऱ्हाईक यांच्यावर कॅमेरा अजिबात नेऊ नये.

आणखी एक काळजी आहे, ती याहून मोठी. सातारा जिल्ह्यातले पुसेसावळी कडेगावपासून फार दूर नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे समाजमाध्यमांवरच्या पोस्टवरून हिंसाचार उसळला, एका तरुणाचा जीव गेला, दुकाने आणि वाहने जळाली. ज्या मोबाइलवर आपण फिल्म काढतो त्याच मोबाइलवरून हे घडते. चार मिनिटांच्या फिल्ममधले दहा सेकंद कापून त्याखाली भलताच मजकूर चिकटवायला कोणाला वेळ लागत नाही. हिंदू आणि मुसलमान सोबती थट्टेत एकमेकांना काय काय बोलतात, ते त्यांच्यात गोड असते. बाहेर गेले की त्याचा अर्थ फिरतो. अशी थट्टा शूटिंगमध्ये आली तर जोडणीच्या वेळी काढून टाकावी. काहींना हे भित्रेपणाचे वाटेल. आम्हाला तो दोस्तीचाच भाग वाटतो.

फिल्म तयार झाली की ग्रुपवर टाकण्यापूर्वी त्यात जे जे दिसतात त्या सगळ्यांना एकत्र बसवून दाखवावी. दुकान बंद झाल्यावर, चहा मागवून. कोणी एक जागा काढायला सांगितली तर कारण न विचारता काढावी. मग प्रत्येकाला त्याची प्रत द्यावी. न कापलेले मूळ चित्रण वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवून त्यावर दुकानाचे नाव, साल आणि त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहून ठेवावे. चहा आणणाऱ्या पोऱ्याचेही.