आजीची उंची कुणी मोजली होती?

आमच्या घरी हॉलमध्ये क्रुसाखाली एक लाकडी फळी आहे. तिच्यावर मरियामातेची छोटी मूर्ती, दोन मेणबत्त्या आणि काडेपेटी. आजीचा हात सहज पोचावा अशा बेताने आजोबांनी ती ठोकली होती, असं पप्पा सांगतात. संध्याकाळच्या रोझरीला मेणबत्ती लावायचा मान आजीचाच. गेल्या दोन वर्षांत मात्र ती मेणबत्ती लावताना टाचा उचलायला लागली. मग फळीखाली एक स्टूल आलं. "आजी, तू बुटकी होत चाललीस," मी चिडवायचे. "वय झालं की गं माझं," ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

या पावसाळ्यात तिची पाठ धरली. बादली उचलताना उसण भरली असेल, असं समजून आम्ही तीन आठवडे बाम चोळला, गरम पाण्याची पिशवी ठेवली. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासायच्या आधीच विचारलं, "यांची पूर्वीची उंची किती होती?" मी, मम्मी, पप्पा एकमेकांकडे बघत राहिलो. आधार कार्ड, रेशन कार्ड, बाप्तिस्म्याचा दाखला, आजीच्या एकाही कागदावर तिची उंची नव्हती. मग डॉक्टरांनी तिला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायला सांगितले आणि टेप लावली. एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत १५६ सेंटिमीटर. उंची भरली १४९. एक्स-रे काढला, तर पाठीचे दोन मणके चेपलेले. त्यातला एक बराच जुना.

म्हणजे ज्याला आम्ही 'वय' म्हणत होतो, त्यातला काही भाग मोडलेलं हाड होतं.

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. वयाबरोबर शरीराचा आकार नेमका कसा बदलतो, त्यातलं किती साहजिक आणि किती नाही, हे मला जसं समजलं तसं इथे मांडते.

आधी उंची

साधारण चाळिशीनंतर माणसाची उंची दर दहा वर्षांनी सुमारे एक सेंटिमीटरने कमी होते. सत्तरीनंतर हा वेग वाढतो. मात्र सगळं शरीर सारखं आकसत नाही. मांडीचं, पायाचं, हाताचं हाड लांबीला कमी होत नाही. कमी होतो तो मुख्यतः पाठीचा कणा.

कण्यात मणक्यांच्या मध्ये २३ चकत्या असतात. त्यांच्या गाभ्यात भरपूर पाणी असतं आणि कण्याच्या लांबीतला जवळजवळ चौथा हिस्सा या चकत्यांचा असतो. दिवसभर आपण उभे-बसलेले असतो तेव्हा त्या दाबल्या जातात, रात्री आडवं झाल्यावर पुन्हा फुगतात. म्हणून तुम्ही-आम्हीसुद्धा सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर उंच असतो! अंतराळात गेलेल्या माणसांची उंची तिथे काही सेंटिमीटर वाढते आणि परत आल्यावर पूर्ववत होते, तेही याच कारणाने. वय वाढतं तशी या चकत्यांची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते आणि त्या कायमच्या पातळ होतात. त्यात पाठीचे स्नायू सैल पडतात, तळपायाची कमान थोडी बसते. एवढं सगळं 'वय झालं' या शब्दांत बसतं.

न बसणारी गोष्ट म्हणजे मणका चेपणं. हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण ते जिवंत असतं. शरीर जुनं हाड सतत खरवडत असतं आणि जागी नवं घालत असतं. तिशीपर्यंत घालणं जास्त, नंतर हळूहळू खरवडणं जास्त. बायकांची पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि पुढची काही वर्षं हाडं फार झपाट्याने विरळ होतात. अशा विरळ झालेल्या मणक्याला पडणं-झडणं लागत नाही. बादली उचलली, जोराचा खोकला आला, एवढंही पुरतं. मणका बहुतेक वेळा पुढच्या बाजूने चेपतो आणि पाचरीसारखा होतो. असे दोन-तीन मणके झाले की पाठीला पोक येतं.

आता इथून पुढची साखळी बघा. कणा पुढे वाकला की फासळ्या खाली कमरेच्या हाडाजवळ येतात. मधली जागा कमी झाली की पोटातले अवयव पुढे ढकलले जातात. म्हणजे एक ग्रॅमही वजन न वाढता पोट सुटल्यासारखं दिसतं. छातीला पसरायला जागा उरत नाही म्हणून लवकर धाप लागते. पोट दाबलं गेल्याने दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटतं. आजी हल्ली अर्धीच भाकरी खायची, त्याचंही कारण आम्ही 'वय' असंच लावलं होतं.

मणक्यांच्या अशा मोडण्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कधी ओळखूच येत नाहीत, कारण पाठदुखी आणि वाकणं या दोन्ही गोष्टी म्हातारपणाच्या खात्यात जातात. म्हणून डॉक्टर एक साधा अंदाज वापरतात. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त घट असेल, तर मणके तपासून घ्यावेत. तरुणपणीची उंची माहीत नसेल तर पसरलेल्या हातांची लांबी कामाला येते. हाताची हाडं लांबीला घटत नसल्याने ती लांबी पूर्वीच्या उंचीच्या आसपास असते. अगदी तंतोतंत नाही, पण अंदाज येतो. लिओनार्दो दा विंचीचं हात पसरून वर्तुळात आणि चौकोनात उभ्या माणसाचं चित्र आठवा. त्यातला चौकोन याच बरोबरीवर उभा आहे.

आणि हो, सगळंच लहान होत नाही. कान मात्र वयाबरोबर मोठे होतात. १९९५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये काही डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या दोनशेहून अधिक पेशंटांचे कान मोजल्याचा हिशेब मांडला गेला होता. वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर, म्हणजे पन्नास वर्षांत साधारण एक सेंटिमीटर! घरातल्या सगळ्यांचे कान बघून झाले असतील तर पुढे वाचा.

मग वजन

उंचीची गोष्ट निदान टेपने कळते. वजनकाटा मात्र चक्क फसवतो. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर आणखी वेगाने. त्याच काळात चरबी वाढत असते. एक घटलं, दुसरं वाढलं, काट्यावरचा आकडा तोच. "लग्नात होतं तेवढंच वजन आहे माझं," असं म्हणणाऱ्या काकांचं शरीर आतून पार वेगळं झालेलं असतं. स्नायूंच्या या घटीला १९८९ पर्यंत स्वतंत्र नावही नव्हतं. अमेरिकेतल्या अर्विन रोझेनबर्ग या शास्त्रज्ञाने 'सार्कोपेनिया' हा शब्द सुचवला. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ मांस आणि उणीव. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण नाव मिळाल्यावरच लोक ती गोष्ट मोजायला लागले.

चरबीची जागाही बदलते. हातापायांवरची कातडीखालची चरबी कमी होते आणि पोटात, अवयवांभोवती साठते. म्हणून पाय काटकुळे आणि पोट पुढे, असा आकार दिसतो. पोटातली ही चरबी मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी जोडलेली आहे. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात. इथेही टेपच कामाची.

"तिशीनंतर अंगातला जाळच कमी होतो, काय करणार?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २९ देशांतली ६,४०० हून अधिक माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतची. शरीराच्या घडणीचा हिशेब धरल्यावर दिसलं, की वीस ते साठ या वयात शरीराची ऊर्जा खर्च करायची गती जवळजवळ स्थिरच असते. खरी घसरण साठीनंतर, तीही सावकाश. म्हणजे मधल्या वयातल्या पोटाचा दोष वयावर ढकलता येत नाही. बसून राहणं, ताटात काय आहे, झोप किती मिळते, असल्या गोष्टींकडे बघावं लागतं.

शब्दांबद्दल थोडं

आपल्या मराठीत या बदलांसाठी किती क्रियापदं आहेत! अंग भरतं, सुटतं, ओसरतं, वाळतं, खंगतं. माणूस वाकतो, थकतो, पिकतो. शब्द सुंदरच आहेत, पण एक अडचण आहे. यातलं सगळं आपोआप घडतं. पान पिकलं, त्याला कोण काय करणार? भाषा इतक्या सहजपणे सांगते, की 'का वाकली?' हा प्रश्न विचारायचा राहून जातो. आमच्या घरी तो राहिलाच.

पान पिकण्याची उपमा अपुरी आहे याचा एक दाखला देते. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम देण्यात आला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! अर्थात हा व्यायाम देखरेखीखाली होता. चेपलेले मणके असताना मनाने काही उचलायला जाऊ नये. आजीला डॉक्टरांनी वाकून काही उचलायला सक्त मनाई केली आहे.

आपलं काय?

आपण विशीत आहोत. आपल्या हाडांत अजून भर पडतेय आणि तिशीला जेवढा साठा असेल त्यावरच पुढचं सगळं आयुष्य काढायचंय. होस्टेलवर नाश्ता टाळून, दूध-नाचणी-डाळ सोडून बारीक व्हायच्या नादात आपण नेमकं तेच कमी करतोय. (हे मी मलाच सांगतेय.) चालणं, जिने चढणं, वजन पेलणं, थोडं ऊन, पुरेशी प्रथिनं, यात नवीन काहीच नाही, फक्त आता मला कारण माहीत आहे.

आणि घरी एक काम करा. आपल्या उंचीच्या खुणा लहानपणी दाराच्या चौकटीवर केल्या होत्या ना? तशा आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या करा. दर वाढदिवसाला, सकाळी, चपला काढून, भिंतीला टाच लावून. शेजारी तारीख. चार सेंटिमीटरची घट दिसली, किंवा पाठदुखी आठवड्यांमागून आठवडे राहिली, तर बाम बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या.

आजीचे औषधोपचार चालू आहेत. पाठ पूर्वीसारखी सरळ होणार नाही, पण पुढचे मणके वाचावेत एवढ्यासाठी. पप्पांनी गेल्या रविवारी मिसाहून आल्यावर ती फळी काढून सात सेंटिमीटर खाली ठोकली. जुन्या खिळ्यांची भोकं वर तशीच दिसतात. स्टूल आता माझ्या खोलीत आहे, त्यावर पुस्तकं ठेवलीत.