सहा व्होल्टचा उजेड जातो कुठे?

जुन्या मोटरसायकलची वीजव्यवस्था : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण डायनॅमो आणि रेग्युलेटर तपासले आणि बॅटरी नीट चार्ज होते आहे, याची खात्री करून घेतली. एवढं करूनही हेडलाइट पिवळट आणि मिणमिणता पडत असेल, तर आता हँडलवरच्या स्विचकडे आणि तिथून निघणाऱ्या वायरींकडे वळायचं.

‘सहा व्होल्टच्या गाडीला उजेड असून असून असणार किती?’ हे वाक्य गॅरेजमध्ये इतक्यांदा कानावर पडतं की ते खरंच वाटू लागतं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून १९९६ पर्यंत जावा आणि येझदी बाहेर पडल्या. त्यांतल्या कितीतरी सहा व्होल्टच्या होत्या आणि त्यांच्या मालकांनी त्या रात्री-बेरात्री घाटांतून चालवल्या. मूळ उजेड पुरेसा होता. आज तो कमी पडतो, कारण बॅटरीतून निघालेली वीज पूर्णपणे बल्बपर्यंत पोहोचतच नाही.

याचं गणित सोपं आहे. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर २.९ अँपिअर करंट ओढतो, तर ६ व्होल्टवर ५.८. वाटेत कुठे ०.१ ओहमचा अडथळा असेल, तर सहा व्होल्टच्या गाडीत तिथेच ०.६ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे सहातला दहावा हिस्सा गेला. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड तीस टक्क्यांनी उतरतो. तेवढाच अडथळा १२ व्होल्टच्या गाडीत असेल, तर उजेड जेमतेम आठ टक्के घटतो आणि चालवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. ०.१ ओहम अडथळ्यासाठी फार काही बिघडावं लागत नाही. एक काळवंडलेला कॉन्टॅक्ट किंवा एक सैल थिंबल पुरते.

आधी वीज कोणत्या वाटेने जाते, ते कागदावर काढा. बॅटरी, फ्यूज, मुख्य स्विच, हँडलवरचा अप्पर-डिप्पर, बल्ब आणि बॉडीतून परत बॅटरी, असा हा फेरा आहे. जावा-येझदीच्या आकृतीत टर्मिनलवर जर्मन डिन पद्धतीचे आकडे दिसतात. ३० म्हणजे बॅटरीचा धन, ३१ म्हणजे अर्थ, ५६ म्हणजे अप्पर-डिप्परकडे जाणारी हेडलाइटची वायर, ५६ए अप्पर, ५६बी डिप्पर आणि ५८ टेललाइट. ब्रिटिश पद्धतीच्या वायरिंगमध्ये रंग बोलतात. निळी वायर अप्पर-डिप्परला वीज देते, निळी-पांढरी अप्परची, निळी-लाल डिप्परची. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा बॅटरीचा धन चासीला जोडलेला असतो, तेही आधीच पाहून ठेवा. मात्र चार मालकांच्या आणि आठ मिस्त्रींच्या हातून गेलेल्या गाडीत रंगावर विसंबू नका. प्रत्येक वायरचं एक टोक धरून मल्टिमीटरने दुसरं टोक शोधा आणि दोन्हीकडे कागदी चिठ्ठी चिकटवा. वेळ लागेल, पण पुढची सगळी कामं त्यामुळे निम्मी होतात.

आता मोजमाप. अनेक जण बल्ब काढतात, होल्डरमध्ये मीटर लावतात, सहा व्होल्ट दिसले की वायरिंग ठीक म्हणून मोकळे होतात. हे मोजमाप फसवं आहे. करंट वाहत नसेल, तर अडथळा दिसतच नाही. म्हणून दिवा चालू ठेवूनच मोजा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या धनावर आणि दुसरं बल्बच्या मागच्या कॉन्टॅक्टवर टेकवा. (धन चासीला असेल, तर धन-ऋण उलटे धरा.) जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट जाण्याच्या वाटेवर हरवले. मग एक टोक बॅटरीच्या ऋणावर आणि दुसरं बल्बच्या पितळी कॅपवर. हा परतीच्या वाटेवरचा तोटा. दोन्ही मिळून ०.३ व्होल्टच्या आत असतील, तर समाधान माना. समजा बॅटरीवर ६.३ आणि बल्बवर ५.२ व्होल्ट आहेत, तर तुमचा उजेड निम्म्यावर आला आहे. मग एकेक सांधा ओलांडत मीटरचं टोक पुढे सरकवा. आकडा जिथे एकदम उडी घेईल, तिथेच दोष.

बहुतेक वेळा ही उडी अप्पर-डिप्परवर सापडते. तो उघडताना खाली ताट आणि त्यात फडकं ठेवा, कारण आतली स्प्रिंग उडाली की सापडत नाही. आत पितळी पट्ट्या असतात, त्यांवर काळा किंवा हिरवट थर दिसेल. ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, स्वच्छ पितळ दिसलं की थांबा आणि भुकटी पुसून काढा. पट्टीचा ताण गेला असेल, तर ती किंचित वाकवून दाब वाढवा. यानंतरची जागा सहसा कोणी पाहत नाही. टर्मिनल आणि पट्टी ज्या रिव्हेटने जोडलेली असतात, तो रिव्हेट आतून गंजतो. वरून सगळं चकचकीत दिसतं आणि तोटा मात्र तसाच राहतो. त्या रिव्हेटवर सोल्डरचा छोटा डाग द्या, पण चटकन, कारण जास्त तापवलं तर बुडाचं बेकेलाइट तडकतं. शेवटी व्हॅसलिनचं पुसट बोट फिरवून स्विच बंद करा.

परतीची वाट तर त्याहून दुर्लक्षित. हेडलाइट आणि हँडल पुढच्या फोर्कवर असतात, बॅटरीचा अर्थ चासीवर. त्या दोघांना जोडतो कोन सेट, म्हणजे ग्रीसमध्ये बुडालेले छर्रे. हँडल वळवलं की दिवा लुकलुकतो, त्याचं कारण बहुधा हेच. गाडी नव्याने पावडर कोटिंग करून आणली असेल, तर अडचण आणखी वाढते, कारण तो रंग वीज वाहू देत नाही. उपाय स्वस्त आहे. हेडलाइटच्या डूमातून थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर टाका. हॉर्नचं बटणही बऱ्याच जुन्या गाड्यांत फक्त अर्थ देण्याचं काम करतं, त्यामुळे या एका वायरने हॉर्नचाही आवाज सुधारतो. उलट हँडल वळवताना हॉर्न आपोआप वाजत असेल, तर हँडलच्या भोकाशी वायर सोलली गेली आहे. तिथे रबरी ग्रॉमेट बसवा.

फ्लायव्हील मॅग्नेटोवरच्या गाड्यांत हेडलाइट बऱ्याचदा थेट एसीवर चालतो. तिथे मीटर एसीवर ठेवा. अशा गाडीत रेग्युलेटर नसेल, तर हेडलाइट क्षणभर बंद पडला तरी सगळी वीज टेललाइटवर जाते आणि तो बल्ब उडतो. म्हणूनच त्यांचा अप्पर-डिप्पर एक कॉन्टॅक्ट सोडण्याआधी दुसरा धरतो. टेलचा बल्ब वारंवार जात असेल, तर आधी हा स्विच तपासा.

नवी वायर टाकायचीच असेल, तर मुख्य वायर २.५, हेडलाइटची १.५ आणि टेलची ०.७५ चौरस मिलिमीटरची घ्या. बारीक वायरचा तोटा मोठा असतो. ०.५ ची दोन मीटर वायर हेडलाइटच्या करंटला एकटीच ०.४ व्होल्ट खाते. बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. तो नसेल, तर एका सोललेल्या वायरने सगळं वायरिंग जळतं.

एक आग्रहाची विनंती. मूळ स्विच काढून बाजारू स्विच लावू नका, आणि उजेडासाठी गाडी १२ व्होल्टवर नेण्याआधी वरची दोन मोजमापं करा. त्या काळचं पितळ आणि बेकेलाइट साफ केलं की पुन्हा अनेक वर्षं चालतं. नवीन स्वस्त स्विचची पातळ पत्र्याची पट्टी ६ अँपिअरला फार काळ टिकत नाही. मूळ स्विच तुटलेलाच असेल, तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा, मीटर खिशात ठेवा आणि तपासूनच घ्या.

पुढच्या आठवड्यात ब्रेकलाइट आणि इंडिकेटर पाहू. तोपर्यंत आपल्या गाडीच्या जाण्याच्या आणि परतीच्या वाटेचे आकडे वहीत लिहून ठेवा, कारण पुढचं काम त्याच आकड्यांवरून सुरू होणार आहे.