दहा मिनिटांचा मार, दिवसभराचा शेजार

सकाळी ७.३०
ॲनिमल हाउसमध्ये शिरण्याआधी गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे. परफ्यूम मारून आलेल्याला दारातूनच परत पाठवतात. इथं बारा तास उजेड, बारा तास अंधार. ताणाचं संप्रेरक, उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन, दिवसभर चढत-उतरत असतं. म्हणून प्रत्येक काम ठरल्या वेळीच. नाहीतर आपण ताण मोजला की घड्याळ, हेच कळायचं नाही.

८.००
नवी तुकडी अर्ध्यावर आली आहे. लहान काळा उंदीर रोज एका नव्या, दांडगट पांढऱ्या नराच्या पिंजऱ्यात सोडायचा. हा पांढरा पैदाशीच्या कामातून निवृत्त झालेला. त्याला पाहुणा खपत नाही. पाच ते दहा मिनिटं, हातात स्टॉपवॉच. जखम दिसली की थांबायचं, ही नीतिसमितीची अट. मग दोघांच्या मधे भोकं पाडलेली पारदर्शक पट्टी सरकवायची. मार थांबतो, पण त्याचा वास, त्याची हालचाल उद्यापर्यंत शेजारीच. असे १० दिवस. नवे विद्यार्थी मारामारी बघून हबकतात. मला विचाराल तर खरा जाच पट्टीपलीकडच्या शेजाराचा.

११.००
काल १० दिवस पुरे केलेल्या तुकडीची चाचणी. चौकोनात आधी रिकामी जाळी, अडीच मिनिटं. मग जाळीत अनोळखी पांढरा उंदीर, पुन्हा अडीच मिनिटं. वर कॅमेरा. मार न खाल्लेला उंदीर थेट जाऊन हुंगतो. हा आत्ताचा कोपऱ्यात बसलाय, पाठ भिंतीला, फक्त मिशा हलताहेत. पण त्याच्याइतकाच मार खाऊनही साधारण तिसरा हिस्सा उंदीर जाळीपाशी जातात. गंमत म्हणजे सगळे एकाच वाणाचे, जनुकं जवळजवळ सारखी. तेव्हा फरक शोधायचा तो कुठलं जनुक किती चालतंय यात. वहीत 'टाळतो' असं लिहायचं, 'डिप्रेस्ड' नाही. उंदराच्या मनातलं उंदराला ठाऊक.

दुपारी २.००
उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधून जुन्या तुकडीचे नमुने काढले: मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचे इवलेसे तुकडे. नमुने विरघळवणाऱ्या गुलाबी ट्रायझॉलचा वास इतका उग्र, की फ्यूम हूडबाहेर हात काढायची सोय नाही. क्लोरोफॉर्म घालून सेंट्रिफ्यूज केलं की थर पडतात. वरचा रंगहीन थर तेवढा उचलायचा, मधल्या पांढुरक्या सायीला पिपेटचं टोक न लावता. त्यात आरएनए. डीएनए म्हणजे घरातली सगळी भांडी, तर आरएनए म्हणजे आज मोरीत घासायला पडलेली. काय शिजलं ते त्यावरून कळतं.

४.३०
कुठलं जनुक किती चालतंय ते मोजणारं क्यूपीसीआर लावलं. ४० चक्रं. एक चक्र आधी सिग्नल दिसला, तर मूळ माल साधारण दुप्पट. आम्ही बघतोय ते बीडीएनएफ, मज्जापेशींना पोसणाऱ्या प्रथिनाचं जनुक. २००६ साली डॅलसमध्ये एरिक नेस्लर यांच्या गटाला दिसलं, की अशा मारानंतर महिनाभरानंही हिप्पोकॅम्पसमध्ये हे जनुक दबलेलं असतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं, त्यांवर 'बंद' सांगणाऱ्या मिथाइल खुणा वाढलेल्या होत्या. त्याच काळात मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेत मात्र हेच प्रथिन वाढलेलं आढळलं. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या विदिता वैद्य यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं, की पिल्लूपणी ताण सोसलेल्या प्राण्यांत हिप्पोकॅम्पसमधलं बीडीएनएफ तरुणपणी वाढतं आणि मध्यमवयात घटतं. 'डिप्रेशनचं जनुक सापडलं' अशी बातमी वाचली की म्हणून माझं डोकं फिरतं.

मशीन चालू असेतो जर्नल क्लब. याच मारामारीच्या प्रयोगावरचा २००७ चा पेपर जुना झाला, तरी मला अजून चकवतो: मेंदूच्या एका भागात जास्त जनुकं बदलली होती ती तग धरलेल्या उंदरांत, खचलेल्यांत नव्हे. टिकून राहणं हेही मेंदूचं कामच, आणि बरंच मोठं.

रात्री ८.३०
जिन्यात शेजारच्या काकांनी गाठलं. "गोळी सुरू करून आठ दिवस झाले, ढिम्म फरक नाही. रक्त तपासून कळत नाही का गं, लागू पडतेय की नाही?"

"नाही हो काका, अशी तपासणी अजून नाही. आणि वेळ लागतोच."

२००६ च्या त्याच प्रयोगात इमिप्रामिन हे डिप्रेशनवरचं औषध उंदरांना बरेच दिवस दिल्यावर बीडीएनएफ पुन्हा वर आलं होतं, हे त्यांना सांगितलं. 'बंद'च्या खुणा मात्र गेल्या नव्हत्या. औषधानं शेजारी 'चालू'च्या खुणा वाढवल्या होत्या.

"म्हणजे मधेच सोडायची नाही?"

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. कधी जायचंय परत?"

"गुरुवारी," ते म्हणाले, "पण हिला सांगू नकोस, तिला वाटतंय मी ॲसिडिटीची घेतोय."