मतलईच्या पहाटे

पहाटे साडेतीन. जानेवारीत मालवणच्या दांडी किनाऱ्यावरची वाळू तळपायाला झोंबते. जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटलेला असतो. होडीला हात लावण्याआधी मी अंधारात चाचपून बघतो: लाइफ जॅकेटं, प्लास्टिकमध्ये बांधलेला मोबाइल, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सुके कपडे. डबा बघून भाचा रोज म्हणतो, "मामानू, मालवणात कसली इली थंडी?"

पावणेचार. होडी पाण्यात ढकलताना कंबरेपर्यंत भिजतो. पाणी कोमट लागतं. आमचा समुद्र जानेवारीतही 25 अंशांच्या वरच असतो. थंडी भरते ती होडीत चढल्यावर, भिजल्या बनियनवरून मतलई वाहू लागला की. म्हणून इंजिन सुरू झालं की आधी कपडे बदलायचे आणि वर रेनकोट चढवायचा.

साडेचार. जाळी सोडून झाली. आता वाट बघायची, आणि मला हीच वेळ सगळ्यात धोक्याची वाटते. पूर्वी शिडाच्या होड्या याच मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या. म्हणजे पहाटे इंजिन रुसलं तर वारा होडीला किनाऱ्यापासून लांबच नेणार. अशा वेळी नांगर टाकायचा, तटरक्षक दलाचा 1554 फिरवायचा आणि होडी धरून बसायचं. दिवे कितीही जवळ दिसोत, पोहत निघायचं नाही.

साडेपाच. जाळी ओढायची. दोर ओला, वारा पाठीवर. पहिल्या वीस-पंचवीस बांगड्यांपर्यंत बोटं ऐकतात. मग कल्ल्यात अडकलेला दोरा अंगठ्याला कळेनासा होतो, मासा निसटतो, आणि गाठ मारली असं वाटतं पण ती बसलेली नसते. मी होडीतल्या दोघांना थांबवतो, हात काखेत घालायला लावतो, थर्मासमधला चहा ओततो. पाच मिनिटं जातात. जाऊ देत.

काही वर्षांपूर्वी अशाच वेळी माझा पाय घसरला. पाण्यात होतो तोवर काही वाटलं नाही. वर ओढून घेतलं आणि दातावर दात वाजू लागले. मोबाइल हातात होता, पण बटण दाबता येईना. वाचा अडखळली. सोबत्याने ओले कपडे फाडूनच काढले, स्वतःचा स्वेटर मला घातला, मला मिठी मारून बसला. तेव्हापासून तो डबा होडीत आहे.

सात. सह्याद्रीमागून सूर्य वर येतो, सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट आधी काळा, मग तांबूस होतो. परतीला वारा समोरून येतो, म्हणून भाच्याला इंजिनाच्या आडोशाला बसवतो.

साडेआठ. किनाऱ्यावर लिलाव. कुणीतरी अंगात ऊब यावी म्हणून बाटली पुढे करतो. दारूने कातडी तापल्यासारखी वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते. मी भाच्याला मागे खेचतो: "आदी अंग पूस, मगे घराक चल."

नऊ. उकड्या तांदळाची पेज, वाफाळती. 11 नोव्हेंबर 2009 ला फयान चक्रीवादळ आलं, तेव्हापासून ही पेज वाढताना बायको उद्याच्या हवामानाचा अंदाज विचारते. मी मोबाइलवर वाचून दाखवतो. वारा वाढणार असेल तर होडी वाळूवरच राहते, मग बाजारात बांगड्याला काहीही भाव असो.

दुपारी तीन. खारा वारा सुरू होतो. दोरीवरचा स्वेटर वाळलाय. भाचा न सांगता त्याची घडी करतो आणि डब्याचं झाकण दोनदा दाबून बघतो.