जिमची पावती की अंगणातले जोर?



सोसायटीची वसुली वजा होऊन उसाचा पहिला हप्ता बँकेत जमा झाला की त्याला वाटा फुटायला वेळ लागत नाही. खताची उधारी, मुलांच्या फिया, घरातले एखादे कार्य. अलीकडे या यादीत एक नवे कलम आले आहे, ते म्हणजे तालुक्याच्या गावी निघालेल्या जिमची वर्षाची फी. माणूस शेतकी खात्यात येतो तो लागणीची नोंद द्यायला, पण जाता जाता हळूच विचारतो, "साहेब, पोरगं म्हणतंय जिम लावायची. भरावेत का पैसे?" प्रश्न बियाण्याचा नाही की खताचा नाही, तरी तो हिशेबाचा आहे. आणि पैशाच्या हिशेबाहून मोठी गोष्ट म्हणजे प्रकृतीचा आहे. म्हणून या अंकात थोडे विषयांतर करून त्याचा विचार करू.

राबणे वेगळे, व्यायाम वेगळा

"आमचं रान हीच आमची जिम," असे पुष्कळ सभासद म्हणतात. एके काळी हे शंभर टक्के खरे होते. नऊ इंचाचे तास धरून बैलाच्या नांगराने एक एकर रान नांगरायचे म्हटले, तर नांगरामागे सुमारे ५८ हजार फूट, म्हणजे जवळजवळ पावणेअठरा किलोमीटर चालावे लागते. तेही ढेकळांतून, रुमणे दाबून धरून! शिवाय मोट, कुळवणी आणि खांदणी होतीच.

आज तेच रान ट्रॅक्टर तासाभरात मोकळे करतो. बांधणीला पॉवर टिलर आला, तणाला तणनाशक आले, पाण्याला ठिबक आले. मोटार घरी बसून मोबाईलवरून चालू होते. बांधापर्यंत मोटारसायकल जाते आणि तोडीला टोळी येते. हे सर्व चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. ऊसतोड कामगार मोळ्या वाहून वाहून थकतो, त्याला व्यायामाची नव्हे, विसाव्याची गरज आहे. पण सभासदाचे काय? काम ट्रॅक्टरचे आणि आहार मात्र मोटेच्या काळचा, अशी आपली गत झाली आहे. त्यात गावात, चौकात, कार्यालयात जाईल तिथे चहा. साखर आपणच पिकवतो हे खरे, पण ती सगळी आपणच संपवली पाहिजे असा काही पोटनियम नाही! गट कार्यालयात बसलेल्या दहा जणांत साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या खिशात बाळगणारे दोघे-तिघे सहज निघतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल असा मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणे, आणि जोडीला दोन दिवस जोर-बैठका किंवा वजने. ही मात्रा लक्षात ठेवा. ती जिममध्ये पुरी झाली काय आणि अंगणात झाली काय, शरीर पावती विचारीत नाही.

पैसे भरल्याने व्यायाम होत नाही

फी भरली की पोरगं आपोआप जाईल, असा एक समज आहे. अमेरिकेत डेलाविन्या आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीन व्यायामशाळांतील ७,७५२ सभासदांची हजेरी तपासली आणि निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. महिन्याची ७० डॉलरहून अधिक फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच जात होते. त्यांना दर खेप १७ डॉलरहून महाग पडत होती आणि त्याच ठिकाणी दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप दहा डॉलरला मिळत होती. पैसे भरताना माणूस आपल्या उत्साहाचा अंदाज चढा धरतो, एवढाच याचा अर्थ. आपल्याकडे याला नव्याचे नऊ दिवस म्हणतात.

आता आपला हिशेब घालू. समजा वर्षाची फी १२,००० रुपये आहे. मुलगा वर्षात ३०० दिवस गेला तर दिवसाला ४० रुपये पडले, आणि तेवढ्यात कोणी खोट काढू नये. पण ६० दिवस जाऊन थांबला तर दिवसाला २०० रुपये पडले. त्यात जाण्या-येण्याचे पेट्रोल वेगळे. आपण एकरी खर्च पाहत नाही, टनामागे खर्च पाहतो. तसेच इथे वर्षाची फी पाहू नये, हजेरीमागे खर्च पाहावा.

जिम कोणाला मानवते

जिम वाईट असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तिथे वजन थोडे थोडे वाढवत नेण्याची सोय असते, चुकीची उठबस दुरुस्त करणारा जाणता माणूस असला तर दुखापत टळते, पावसाळ्यात खाडा पडत नाही आणि चार जणांच्या संगतीने उत्साह टिकतो. ज्याचे घर तालुक्याच्या गावाजवळ आहे, ज्याला व्यायामाची सवय आधीच लागलेली आहे आणि ज्याला अंगात ताकद कमवायची आहे, त्याने खुशाल जावे.

मात्र पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते, मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर असते. जिमची वजने ताकदीला पूरक होतील, पण धावणे हे मैदानावर आणि गावच्या रस्त्यावरच तयार होते. त्याला फी नाही.

घर कोणाला मानवते

आपल्या धंद्याची एक अडचण शहरातल्या नोकरदाराला नसते. शेतीपंपाच्या विजेची पाळी बदलते. एका आठवड्यात दिवसा पाणी पाजायचे, तर दुसऱ्यात रात्री. रात्रभर दारे धरलेल्या माणसाला पहाटे सहाला जिममध्ये जा म्हणणे बरे नव्हे. हंगामात आपल्या फडाला तोड आली की सगळेच वेळापत्रक कोलमडते. अशा माणसाला घरचा व्यायामच सोयीचा, कारण तो पाळीप्रमाणे सकाळ-संध्याकाळ हलवता येतो.

घरी लागते तरी काय? जोर आणि बैठका यांना एक सतरंजी पुरते. सूर्यनमस्काराला तेवढीच जागा लागते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार रुजवले, ते काही यंत्रे आणून नव्हे. वजनाला पाच लिटरचे पाण्याने भरलेले दोन कॅन घ्या, ती पाच-पाच किलोची डंबेल्स झाली. खताच्या रिकाम्या पिशवीत दहा किलो वाळू भरून तोंड शिवा आणि ती छातीशी धरून बैठका मारा. युरियाची ४५ किलोची भरलेली पिशवी पहिल्याच दिवशी उचलू नये. कमरेत उसण भरली की व्यायामही गेला आणि बांधणीही गेली.

भगिनी सभासदांना तर घरचाच व्यायाम बहुधा जमण्यासारखा आहे. दिवसभर पायावर उभे राहून पाय मोडतात, पण त्याने दम वाढत नाही की पाठ बळकट होत नाही. त्यांना हवा आहे तो कोणी हाक न मारणारा अर्धा तास. तेवढा वेळ घरच्यांनी द्यावा, आणि त्या वेळेचा चहा ज्याचा त्याने करून घ्यावा.

पन्नाशी उलटलेल्यांना आम्ही आपल्याच भाषेत सांगतो. खोडवा चांगला यायचा तर बुडखा शाबूत लागतो. पाय आणि कंबर हा आपला बुडखा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, एका पायावर तोल सांभाळून उभे राहणे, एवढ्यापासून सुरुवात करावी. छातीत दुखत असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

गावची तालीम विसरू नका

जिम आणि घर यांच्या मध्ये तिसरी वाट आपल्याच गावात आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूरच्या तालमी नावारूपाला आल्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्यांची सुरुवातही गावच्या मातीतच झाली. आज कित्येक गावांत तालमीला कुलूप आहे, आत बी-बियाण्याची पोती आहेत. ते कुलूप काढायला मोठा निधी लागत नाही. एक दिवसाचे श्रमदान, तांबडी माती आणि रोज सकाळी येणारा एक जुना पैलवान पुरतो. व्यायामशाळेसाठी शासनाची अनुदान योजना आहे, तिची चौकशी ग्रामपंचायतीने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. संगतीसाठी जिमला पैसे द्यायचे, तर तीच संगत तालमीत गावातल्या गावात मिळते.

आमची शिफारस

नवी जात आली म्हणून आपण एकदम पाच एकरांत लावीत नाही. पाच गुंठ्यांत लावून पाहतो. व्यायामाचेही तसेच करा.

१) आधी सहा आठवडे घरी किंवा तालमीत रोज अर्धा तास व्यायाम करावा. केलेल्या दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर फुली मारावी.

२) ४२ दिवसांत ३० फुल्या पडल्या आणि घरचे वजन अपुरे पडू लागले, तर जिमचा विचार करावा. फुल्या दहा-बाराच असतील, तर जिममध्येही तेच होणार असे समजावे.

३) प्रथम एकाच महिन्याची फी भरावी. वर्षाला सूट देतो म्हटले तरी घाई करू नये. मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतात का, तोडीच्या काळात महिना पुढे ढकलता येतो का, शिकवणारा कायम हजर असतो का, हे विचारून पावती घ्यावी.

४) डब्यातल्या पावडरी आणि विशेषतः ताकदीची इंजेक्शने कोणी सुचवली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला किंवा अंगाला लावू देऊ नयेत. दूध, अंडी, डाळी, मोडाची मटकी, शेंगदाणे यांना आपल्या घरात तोटा नाही.

मुलाला सरळ नाही म्हणून त्याचा हुरूप मारू नये, आणि हप्ता आला म्हणून डोळे मिटून पैसेही भरू नयेत. "सहा आठवड्यांच्या फुल्या दाखव, मी पहिल्या महिन्याची फी भरतो," असे त्याला सांगावे. आणि जमल्यास आपली दिनदर्शिका त्याच्या शेजारी टांगावी. लागणीच्या नोंदीला याल तेव्हा फुल्या किती झाल्या तेही गट कार्यालयात सांगा. आम्ही आवर्जून विचारणार आहोत.

— ऊस विकास अधिकारी