न्योक्की, कढीगोळे आणि दुधातुपाचा हिशेब

आपल्या समाजातली मुलेमुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी नागपूर, पुणे, हैदराबाद गाठू लागली आहेत. सुट्टीत गावी येतात तेव्हा बॅगेत नवे कपडे असतात आणि तोंडात नवे शब्द. त्यातला ‘व्हीगन’ हा शब्द यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावीही येऊन पोचला आहे. व्हीगन म्हणजे मांस, मासळी, अंडी तर नाहीच. पण दूध, दही, ताक, तूप, लोणी, चीज आणि मधदेखील न खाणारा माणूस. १९४४ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सोबत्यांनी हा शब्द घडवला. दुधासाठीही जनावराला त्रास होतो, तेव्हा दूधही नको, असा त्यांचा विचार.

आमच्या शेजारची एक मुलगी पुण्याला नोकरीला आहे. गेल्या वर्षापासून ती व्हीगन झाली. परवा तिने आम्हाला विचारले, “काकाजी, इटलीचे न्योक्की चालतात का हो व्हीगनला? हॉटेलात कोणी धड सांगत नाही.” तिची आजी तिथेच तूर निवडत बसली होती. ती म्हणाली, “अन् माह्या हातचे कढीगोये चालते का नाही, थे सांग पहिले.”

वाचकहो, दोन्ही प्रश्न एकच आहेत. न्योक्की म्हणजे तरी काय? उकळत्या पाण्यात शिजवलेले पिठाचे गोळे. आम्ही पेशाने कारकून. जमा एका रकान्यात, खर्च दुसऱ्यात, हीच आमची विद्या. तेव्हा गोळा कशाचा आणि वर काय ओतले, हे दोन रकाने वेगळे करून पाहिले की निम्मा गोंधळ मिटतो.

आज जगभर न्योक्की म्हटले की बटाट्याचे गोळे समोर येतात. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला; तो युरोपात आला सोळाव्या शतकात आणि गोरगरिबांच्या ताटात रुळायला त्याला आणखी बराच काळ लागला. त्याआधीचे न्योक्की पिठाचे, रव्याचे, शिळ्या पावाचे असत. पेल्लेग्रिनो आर्तुझी या गृहस्थाने १८९१ साली इटलीतल्या घरगुती स्वयंपाकाचे जाडजूड पुस्तक काढले. त्यात बटाट्याच्या न्योक्कीचे प्रमाण आहे ४०० ग्रॅम बटाटे आणि १५० ग्रॅम गव्हाचे पीठ. अंडे नाही, दूध नाही. म्हणजे गोळ्याच्या रकान्यात आक्षेपार्ह काही नाही.

पण सगळीकडे असे नसते. कित्येक घरांत आणि बहुतेक हॉटेलांत गोळा फुटू नये म्हणून त्यात अंडे घालतात. रोम शहराकडचा एक प्रकार तर रवा दुधात शिजवून, त्यात लोणी, चीज आणि अंड्याचा बलक घालून, थापून, वड्या पाडून भट्टीत भाजतात. तो व्हीगनला मुळीच चालणार नाही. पालक आणि रिकोटा नावाच्या मऊ चीजचे गोळे करतात, तेही गेले. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात शिळ्या पावाचे मोठे गोळे करतात. त्यात दूध, अंडी आणि बहुधा डुकराचे मांसही असते.

आता वर काय ओततात ते पाहू. टोमॅटो, लसूण आणि जैतुनाचे तेल एवढेच असेल तर प्रश्न नाही. मात्र लोणी वितळवून ओतणे आणि वरून पार्मेझान चीज किसणे ही तिकडची सर्वसाधारण रीत. या चीजबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या कट्टर शाकाहाऱ्यांनाही ठाऊक नसते. अस्सल इटालियन पार्मेझान करताना दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ वापरतात. दुधाचे म्हणून जे शाकाहारी समजून खाल्ले जाते, ते असे निघते. भारतात बनणारे हिरव्या ठिपक्याचे चीज असे नसते, पण दुधाचे असल्यामुळे व्हीगनला तेही वर्ज्यच.

हॉटेलात “व्हेज आहे का?” असे विचारून म्हणूनच भागत नाही. आपल्या कायद्यात दूध आणि दुधाचे पदार्थ हिरव्या ठिपक्यात बसतात, अंडे बसत नाही. नेमके विचारावे: पिठात अंडे आहे का? वर लोणी किंवा चीज आहे का? तयार पाकिटावर घटकांची यादी वाचावी. दूध पावडर, व्हे, केसीन हे शब्द दिसले तर ते दूधच. व्हीगन अन्नासाठी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली वेगळे चिन्ह जाहीर केले आणि २०२२ साली नियम केले. ते चिन्ह असेल तर काम सोपे.

आता आजीचा प्रश्न. आपल्या वऱ्हाडात गोळ्यांना तोटा नाही. हरभरा डाळीच्या भरड्यात हळद, तिखट, मीठ आणि तेलाचे मोहन घालून गोळे वळायचे, अर्धवट शिजलेल्या भातावर मांडून वाफ आणायची आणि खाताना वरून लसणाच्या फोडणीचे तेल घ्यायचे, हा गोळाभात. यात दुधाचा थेंब नाही. डाळ भिजवून, भरड वाटून, मिरची-लसूण-कोथिंबीर घालून वाफवलेले फुनके, तेही निर्दोष. वरणात कणकेचे तुकडे शिजवलेली वरणफळे, तीही. अडते ते वर ओतण्यापाशी. फुनक्यांसोबत कढी येते, वरणफळांवर तूप येते. आणि कढीगोळ्यांत तर गोळा ताकातच शिजतो, त्यामुळे दोन रकाने वेगळे करायला जागाच उरत नाही. कढीगोळे व्हीगनला चालत नाहीत, असे आम्हाला आजीला सांगावे लागले. तिने तूर निवडणे थांबवले नाही, पण बराच वेळ बोललीही नाही.

तिचे गप्प होणे आम्हाला समजले. तिच्या माहेरी म्हैस नव्हती. ताक मिळायचे ते पाटलाच्या वाड्यावरून, लांबून ओतलेले. स्वतःच्या घरी दुभते आले, कढी उकळू लागली, ती मुलगा नोकरीला लागल्यावर. ज्या पदार्थापर्यंत यायला तिला अर्धे आयुष्य लागले, तो नात आता बाजूला सारते आहे.

आपल्या वस्त्यांत दूध-तुपाशिवाय स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या होत आला. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतले जेवण नोंदले आहे. त्यात तेल, तूप, दूध जवळजवळ दिसत नाही. कोणी म्हणेल, मग आपले पूर्वज व्हीगनच की! तसे मुळीच नव्हते. मिळेल तेव्हा मांस खाल्ले जात होते, उरलेल्याच्या चान्या वाळत घातल्या जात होत्या. दूध नव्हते ते परवडत नव्हते आणि कोणी देत नव्हते म्हणून. नसणे आणि सोडणे यांत फरक आहे, तो नातीनेही ध्यानात घ्यावा.

इटलीतही गरिबांची कथा वेगळी नाही. व्हेरोना शहरात दरवर्षी कार्निव्हलच्या दिवसांत न्योक्कीचा उत्सव भरतो. हातात भला मोठा काटा आणि त्याला टोचलेला न्योक्की घेऊन एक दाढीवाला ‘बाबा’ मिरवतो. परंपरा अशी सांगतात की, १५३१ च्या सुमारास दुष्काळाने लोक भुकेले असताना तोमासो दा विको नावाच्या वैद्याने सान झेनो मोहल्ल्यातल्या गरिबांना पीठ, पाव, दारू, लोणी आणि चीज वाटले. त्याची ही आठवण. तेव्हा तिथे बटाटा नव्हता, गोळे नुसत्या पिठाचेच असणार. पण पाहा, पिठासोबत लोणी आणि चीज वाटले म्हणून लोकांनी त्या माणसाला शतकानुशतके लक्षात ठेवले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्या ओळखीच्या काही कार्यकर्त्यांना हा व्हीगन प्रकार म्हणजे जुन्या सोवळ्याची नवी आवृत्ती वाटते. त्यांचा संशय उगाच नाही. ‘आम्ही शाकाहारी’ असे म्हणत भाड्याने खोली नाकारलेली माणसे आपल्यात घरोघर आहेत. पण भांड्यात काय आहे असे विचारणे वेगळे, आणि भांडे कोणाचे आहे असे विचारणे वेगळे. ही मुलगी पहिला प्रश्न विचारते. ती कोणाच्याही घरी, कोणाच्याही हातचे जेवते. फक्त ताक-तूप नको म्हणते. तिला सोवळ्याच्या रांगेत बसवणे आम्हाला पटत नाही.

मात्र स्वतःच्या ताटातले अंडे काढणे आणि दुसऱ्याच्या लेकराच्या ताटातले काढणे यात गल्लत नको. राज्यात २०२३ साली शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा वेगळा निधी बंद केला. ज्या घरात अंडे एरवी येतच नाही, तिथल्या मुलाला हा तोटा आहे. व्हीगन मुलामुलींनीही या प्रश्नावर आपल्यासोबत उभे राहावे.

तब्येतीचा हिशेबही चोख ठेवावा. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध-अंडी पूर्ण सोडणाऱ्याने डॉक्टरांना विचारून त्याच्या गोळ्या घ्याव्यात, टाळाटाळ करू नये. गरोदर बाई, लेकुरवाळी आई आणि वाढते मूल यांच्यावर तर असा प्रयोग डॉक्टरांना न विचारता अजिबात करू नये. प्रथिनांची चिंता आपल्या जिल्ह्यात नसावी. तूर इथे पिकते, सोयाबीन पिकते, तीळ-जवस घरात असतात. नुसत्या बटाटा-मैद्याच्या न्योक्कीपेक्षा आपला डाळीचा गोळा या बाबतीत कितीतरी सरस, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरी ज्यांना न्योक्की करून पाहायचे असतील त्यांनी अर्धा किलो जुने, कोरडे बटाटे सालासकट उकडावेत. नवे बटाटे पाणी सोडतात, मग पीठ वाढत जाते आणि गोळे चिवट होतात. गरम असतानाच सोलून किसावेत, मीठ आणि दीडशे ग्रॅमपर्यंत मैदा किंवा बारीक कणीक घालून हलक्या हाताने एकत्र करावे. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नये. बोटाएवढ्या लांब वळ्या करून इंचभर तुकडे पाडावेत आणि खळखळत्या मिठाच्या पाण्यात सोडावेत. दोन-तीन मिनिटांत वर तरंगले की झाले. आधी एकच सोडून पाहावा. फुटला तर चमचाभर पीठ वाढवावे. अंड्याची गरज पडत नाही. (हे काम पुरुषांनी केले तरी गोळे फुटत नाहीत, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.) टोमॅटो-लसणाचा रस्सा तेलात परतून वर घालावा.

आणि कढीगोळे? नातीने आणि आजीने मिळून त्यावर तोड काढली, ती देण्यासारखी आहे. चिंचेचा पातळ कोळ करून त्यात थोडे बेसन कालवायचे. तेलात मोहरी, मेथीदाणा, लसूण, लाल मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी करून त्यावर हा कोळ ओतायचा, हळद-मीठ आणि बोराएवढा गूळ टाकून सतत ढवळत उकळी आणायची. भिजवून भरड वाटलेल्या तुरीच्या डाळीचे गोळे त्या उकळीत एकेक सोडायचे. आच कमी करू नये, उकळी मोडली की गोळे विरघळतात. आजीच्या मते याला कढी म्हणता येत नाही, सार म्हणा. गोळे उरलेच तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून, कांद्यावर परतून भाकरीसोबत खावेत, डब्यालाही चालतात.