भंगारातून मांडणी, सरपणात बचत

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमचा ताणा एका सायझिंगमध्ये चार दिवस अडकून पडला. कारण विचारले तर उत्तर आले, "लाकूड ओले आहे, बॉयलरला वाफ धरत नाही." त्याच आठवड्यात त्या आवारात रचलेला लाकडाचा ढीग घसरला आणि एका हमालाचा पाय मोडला. बिचारा तीन महिने घरी बसला. कापडाचा उशीर भरून निघाला, पण गरीब माणसाची तीन महिन्यांची रोजी कोण भरून देणार? ही दोन्ही नुकसाने एकाच चुकीतून झाली होती. लाकूड जमिनीवर, उघड्यावर आणि आधाराशिवाय टाकलेले होते.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत सरपण लागणारे पुष्कळ आहेत. सायझिंगवाले आहेत, रंगाईवाले आहेत, बेकरीवाले आणि लग्नाच्या देगा चढवणारे भटारीही आहेत. या सर्वांनी आधी थोडा हिशेब करावा.

वखारीतून वजनावर घेतलेल्या १,००० किलो लाकडात ४० टक्के पाणी असेल तर खरे लाकूड ६०० किलोच भरते. तेच लाकूड २० टक्के ओलीपर्यंत वाळले की वजन ७५० किलो उरते. म्हणजे २५० किलो पाण्याचे पैसे आपण लाकडाच्या भावाने मोजले. शिवाय ते पाणी भट्टीत उडवायला ४०-४५ किलो कोरडे लाकूड फुकट जळते, धूर वाढतो आणि चिमणीत काजळी धरते ती वेगळीच. आपल्या गावचा भाव लावून रक्कम आपणच काढावी. म्हणून लाकूड उन्हाळ्यातच घ्यावे आणि हवेवर रचावे. त्यासाठी मांडणी लागते.

सामान कोठून आणावे

नवे लोखंड घेण्याची गरज नाही. साधे माग मोडून रॅपियर बसवण्याचे काम जेथे चालले आहे, तेथे भंगारवाल्याकडे बीमचे पाइप, अँगल आणि पट्ट्या किलोवर मिळतात. पाइपची लांबी मागाच्या पन्ह्याप्रमाणे कमी-जास्त असते. साधारण सहा फुटी दोन पाइप निवडावेत. ठोकून पाहावे, गंजून पातळ झालेला पाइप घेऊ नये. मागाच्या बाजूच्या चौकटी बिडाच्या असतात. बीड ठिसूळ असते आणि साध्या वेल्डिंगने नीट धरत नाही. ती वापरायचीच असेल तर भोक पाडून नट-बोल्टने कसावी.

रंगाच्या किंवा केमिकलच्या रिकाम्या ड्रमला गॅस कटर लावू नये. आत राहिलेल्या वाफेचा भडका उडून माणसे दगावली आहेत. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्डिंग करण्यापूर्वी सांध्याजवळ घासून घ्यावा, कारण त्याचा धूर छातीला वाईट.

बांधणी

सहा फूट लांब, दोन फूट खोल आणि चार फूट उंच अशी एक मांडणी पुरे. त्यात वाळलेली बाभूळ ६०० ते ७०० किलो बसते. दोन पाइप दीड फुटाच्या अंतराने समांतर ठेवावेत. दोन्ही टोकांना व मध्ये दोन-दोन फुटांचे अँगल आडवे जोडावेत. चार कोपऱ्यांवर चार उभे अँगल लावावेत. ४० मिलिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा अँगल चालेल. प्रत्येक उभा गुण्या आणि ओळंबा लावूनच पक्का करावा. वाकडा उभा राहिला की सारे वजन एका बाजूला जाते.

आता खरी मेख ऐका. रचलेले लाकूड खाली दाबते तसेच ते दोन्ही टोकांना बाहेर ढकलते. आपले कारागीर उभे मजबूत करतात आणि येथे चुकतात. म्हणून उभ्यांची डोकी लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही अंगांनी अँगलने एकमेकांना बांधावीत. मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी पट्टी लावावी. दोन्ही टोकांनाही तशीच एकेक तिरकी पट्टी द्यावी. तिरक्या पट्टीशिवाय मांडणी धक्क्याने झुलते आणि एक दिवस लवंडते.

मांडणी जमिनीवर टेकवू नये. दोन्ही टोकांना व मधोमध दगड किंवा काँक्रीटचे ठोकळे देऊन जमिनीपासून सहा इंच तरी वर उचलावी. खालून हवा खेळते, पाणी लागत नाही, वाळवी चढली तर नजरेस येते. शेवटी गंज खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्यावा.

रचण्याची पद्धत

ओंडके फोडून रचावेत, न फोडलेला ओंडका आतून लवकर वाळत नाही. वर जुना पत्रा उतार देऊन बांधावा, पण बाजू उघड्या ठेवाव्यात. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळले तर ओल आतच कोंडते. भिंतीपासून हातभर अंतर सोडावे आणि भट्टीपासून मांडणी लांब ठेवावी, ठिणगीला निमित्तच हवे असते. लाकूड उभ्यांच्या वर चढवू नये. दोन मांडण्या असाव्यात. एकीवर माल आल्याची तारीख चुन्याने लिहावी आणि जुना माल आधी जाळावा.

लाकूड वाळले की नाही हे तराजू सांगतो. एका फाळक्यावर खूण करून दर आठवड्याला वजन करावे. वजन उतरायचे थांबले की माल तयार समजावा.

मोडक्या लाकडी पेट्या आणि पॅलेटही सरपणात येतात. त्यांवर रंग, डांबर किंवा 'एमबी' असा शिक्का असेल तर ते जाळू नये. बेकरीच्या भट्टीत तर मुळीच नको.

कारखानदार बांधवांनो, वेल्डरची एका दिवसाची मजुरी आणि भंगाराचा भाव एवढाच हा खर्च आहे. तो एका पावसाळ्यात निघतो. तो निघाला नाही, तरी ढिगाखाली कोणाचा पाय सापडला नाही एवढा नफा मला पुरेसा वाटतो. आज संध्याकाळी आपल्या आवारातला ढीग एकदा डोळे उघडून पाहावा.